गोदामाचं मागचं दार

भिकुबाईनं ओट्यावर बसून फडक्याची गाठ सोडली आणि कळण्याच्या भाकरीवरच्या ठेच्याचा वास उंबरा ओलांडून आत आला. प्रेमकुंवर नुकतीच सामायिकातून, जैनांच्या दोन घटकांच्या ध्यानातून, उठत होती. आसनाची घडी घालायला ती वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. लसूण. या घरात लसूण शिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण बाहेरचं जग लसूण खातं, मिलमधल्या बायका खातात, एस.टी.त शेजारी बसलेली बाई खाते, आणि त्याचं प्रेमकुंवरला कधी काही वाटलं नव्हतं. सासूबाई जाईपर्यंत. त्यानंतर मात्र बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत ती मिलकडं फिरकेनाशी झाली, भाजीबाजारात एक विशिष्ट ओळ सोडून वळसा घालू लागली. हे आपण का करतो ते तिनं स्वतःलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. आज तो वास आपल्या पायांनी घरी आला होता, पाहुणीच्या शिदोरीतून, आणि भुकेल्या पाहुणीला ओट्यावरून उठ म्हणणं तिच्या जिभेला कधीच जमलं नसतं. तिनं आसन खुंटीला अडकवलं, पाण्याचा तांब्या भरला, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आली.

ही बाई सकाळी शिंदखेड्याहून निघाली होती. धुळ्याला गाडी बदलून, जळगावच्या स्टँडवर उतरून, दिसेल त्याला विचारत तिनं रेल्वेलाइनीपलीकडची ही दाल मिल शोधून काढली होती. तिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, हसली की सगळा चेहराच हसणारी. नवरा उखर्डू दम्यानं बसून असतो, म्हणाली. डाळीची छोटी चक्की आहे, सरकारी शेडमध्ये, ती आता हीच चालवते. शहरात आल्यामुळं ती जपून शुद्ध बोलायला बघे आणि चार शब्दांनी पुन्हा आपल्या बोलीत घसरे.

"नेहते साहेबनी धाडं माले," ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "म्हने, मी सांगस त्याच्यावर इस्वास ठेवू नको, मी सरकारना माणूस. जळगावले जा, प्रेमकुंवर भाभीले इचार. त्यांची मिल कशी होती आन कशी व्हयनी ते डोळाघाई देखी ये."

"साहेब स्वतः येणारेत का?"

"येतस ना चारले. जीप शे त्यास्नाकडे. माले म्हनले, मी येवाच्या आधी इचारी ले, मी असलो तं भाभी माझी तारीफच करतीन." ती हसली. "मी तं येवढंच इचारस, अक्का. साहेबना ऐकू का नको? तुरले टोके पडतस. धुळ्याचा व्यापारी दोनदा माल परत करी बसना. आता तिसऱ्यांदा परत उना तं चक्की बंद. साहेब म्हने गोळ्या टाकू, पोतं झाकू, दार बंद करू, कीड मरी जास. करू?"

प्रेमकुंवर म्हणाली, "आधी जेवून घे, बाई. जेवताना हिशेब करू नये." आणि वासापासून जरा दूर, दाराच्या चौकटीला टेकून बसली.

करू का. याच ओट्यावर याच प्रश्नाभोवती कित्येक वर्षांपूर्वी सगळं घर फिरत होतं. तेव्हा मिलला एकच रोलर होता, वाळवणाचं अंगण मातीचं होतं, आणि यांना (अभयकुमारांचं नाव ती मनातसुद्धा घेत नसे, गेल्यावरही नाही) रात्रीचं जेवण नसल्यानं जी शांत झोप लागे ती उडाली होती. मुंबईहून डाळीची आख्खी वॅगन परत आली होती. पोतं उघडलं की डाळीवर काळे टोके चालत. त्या दिवसांत सायकलवरून, पँटला क्लिपा लावून, हाच नेहते साहेब, तेव्हा तरुण, आला. यावलकडचा, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहान कारखान्यांना सल्ला द्यायच्या कचेरीत नोकरीला. पहिल्या दिवशी त्यानं कोणाला काही सांगितलंच नाही. नुसता फिरला, तुरीचा दाणा दाताखाली धरून बघितला, भिंतीला हात लावून ओल बघितली, आणि जाताना म्हणाला, "शेठजी, पोती भिंतीपासून हातभर लांब घ्या आणि खाली फळ्या टाका. याला पैसे पडत नाहीत." यांना त्याचं नवल वाटलं. सरकारचा माणूस न्यायला नव्हे, द्यायला आलाय, असं ते घरात येऊन हसत म्हणाले होते. मग त्यानं अंगण सिमेंटचं करवलं. तूर रोलरवर घालण्याआधी चाळून लहानमोठा दाणा वेगळा करायला शिकवलं, म्हणजे बारीक दाणा अख्खा राहत नाही आणि मोठा चुरत नाही. तेल किती लावायचं, उन्हात किती दिवस ठेवायचं ते शिकवलं. दरवेळी येताना गावाकडच्या केळीची फणी आणी. खरंच चुरी कमी झाली, डाळ सारखी निघू लागली, आणि दाणाबाजारात मिलचं नाव लोक जरा वेगळ्या स्वरात घेऊ लागले. फक्त कीड राहिली. फळ्यांनी आणि सिमेंटनं ती जाण्यासारखी नव्हती.

आणि कीड तशीच राहण्यात एका माणसाचा रोजचा हात होता, हे साहेबाला लवकरच कळलं. तिच्या सासूबाई गुलाबबाई, घरात सगळे त्यांना बाईजी म्हणत, रोज सकाळचं सामायिक झालं की सूप घेऊन गोदामात जात. सूपभर तूर पाखडत, टोके अलगद एका मडक्यात घेत, वर मूठभर तूर टाकत, आणि ते मडकं मागच्या निंबाच्या सावलीत नेऊन ठेवत. जीव उन्हात मरू नयेत, उपाशी मरू नयेत. मारवाडातून सून म्हणून आल्या त्या वर्षीपासूनचा त्यांचा हा नेम होता. साहेब एकदा त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता, ते प्रेमकुंवरला अगदी जसंच्या तसं दिसत असे. "आजी," तो म्हणाला होता, "तुम्ही टोक्यांना पोसता आणि त्यांना हुसकावण्याचा मी पगार घेतो. आपलं दोघांचं कसं जमायचं?" बाईजींनी सुपातून मान वर न करता उत्तर दिलं, "तू पगार घे, बाळ. पण पाणी गाळून पीत जा." दोघंही हसले होते. त्याला त्या आवडत, आणि त्यांनाही तो. त्याच्यासाठी त्या पाण्याच्या माठाला दुहेरी गाळणं बांधायला सांगत.

भिकुबाईनं पाणी प्यायलं, फडकं झटकलं, आणि उरलेल्या भाकरीची पुन्हा गाठ बांधली. वास कमी झाला, पण गेला नाही. "अक्का, तुमना मिलमा किती बाया शेत हो?" तिनं विचारलं. प्रेमकुंवरनं सांगितलं. ती बाई बोटांनी हवेत काहीतरी मोजत, मिलच्या नव्या शेडकडं, ओळीनं रचलेल्या पांढऱ्या पोत्यांकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते प्रेमकुंवरला ओळखता आलं. पूर्वी यांच्या डोळ्यांत ते असे.

शेवटी साहेबानं गोळ्यांचं सुचवलं. पोत्यांमध्ये ठेवायच्या, दारं-झरोके कागदानं आणि चिखलानं लिंपून टाकायचे, गोळ्यांतून वायू निघतो, आत जे जिवंत असेल ते मरतं. तो ते सांगत होता तेव्हा प्रेमकुंवर माजघरात पाणी गाळत होती आणि प्रत्येक शब्द तिच्या कानांवर पडत होता. "घरातल्या सगळ्यांना सांगा, शेठजी," तो म्हणाला होता. "लहान असो, म्हातारं असो, झाडूवाली असो. एकदा नाही, दोनदा सांगा." यांनी मान हलवली होती. आणि तो गेल्यावर, घर आणि गोदामामधल्या बोळीत, अगदी हलक्या आवाजात, यांनी तिला जे सांगितलं ते तिला तेव्हा फार थोर वाटलं होतं. "पाप करण्याचं लागतं, करवण्याचं लागतं, आणि नुसतं होय म्हणण्याचंही लागतं," ते म्हणाले. "बाईजींना सांगितलं तर एक तर त्या नाही म्हणतील, आणि मिल बंद पडेल. नाहीतर माझ्या तोंडाकडं बघून हो म्हणतील, आणि जन्मभर सांभाळलेलं त्या एका होकारानं जाईल. त्यांना कळूच द्यायचं नाही. करण्याचं माझ्यावर, ऐकून गप्प राहण्याचं तुझ्यावर. त्यांच्यापर्यंत एक थेंब जायला नको." प्रेमकुंवरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढं आईचं मन जपणारा माणूस. मग दोघांनी मिळून बाईजींना सांगितलं, की बँकेनं माल तारण घेतलाय आणि गोदाम सील केलंय, काही दिवस कोणी आत जायचं नाही. बाईजींनी लिंपलेल्या दाराकडं बघून विचारलं, "बँक चिखलानं सील करते?" "नवी पद्धत आहे, बाईजी," हे गंभीरपणे म्हणाले. नंतर आत येऊन दोघं तोंडावर हात ठेवून हसली होती. त्या हसण्याचा आवाज तिला अजून ऐकू येई, आणि तो कुठल्या तरी दुसऱ्याच घरातल्या, दुसऱ्याच नवराबायकोचा असावा असं वाटे.

बँकेचा हक्क पुढच्या दारावर, असा बाईजींनी विचार केला असणार. मागचं दार घरातून, बोळीतून होतं; ते घराचं. आत जीव उपाशी नव्हते, पण माल उचलला की पोत्यांबरोबर जातील, उन्हात सांडतील, पायाखाली येतील. नेम चुकून किती दिवस झाले हे त्यांनी एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं. दुपारच्या वेळी प्रेमकुंवर त्यांना शोधत बोळीत आली तेव्हा दाराभोवतीचा चिखल खरवडलेला होता, उंबऱ्याशी उलथनं पडलं होतं, दार लोटलेलं होतं, आणि नाकाला लसणाचा वास आला. त्या वायूला तसा वास असतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिला आधी राग आला. हा काटा अजून तिथंच रुतून होता, बाकी सगळं झिजलं तरी. सगळ्यांत आधी, बाईजींच्या नावानं हाक मारायच्याही आधी, तिच्या मनात आलं होतं की आमच्या गोदामात बसून लसूण कोणी खाल्ला. मग तिनं दार ढकललं. बाईजी पोत्यांना टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप, शेजारी मडकं, आणि सामायिकाची मुखवस्त्रिका तोंडावर तशीच बांधलेली. आपल्या श्वासानं हवेतला बारीक जीव मरू नये म्हणून बांधतात ती. लसणाचा वास आयुष्यात त्यांनी कधी जवळ येऊ दिला नव्हता. तो आला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? कोणा मजुरणीनं शिदोरी ठेवलीय, असं वाटून त्या जरा बाजूला सरकून बसल्या असतील.

पुढचं सगळं यांनी केलं. त्यांना उचलून माजघरात आणलं, डॉक्टरला बोलावलं, छातीत कळ आली म्हणून सांगितलं. म्हातारं माणूस, कोणी शंका घेतली नाही. आणि बारावं-तेरावं उरकल्यावर यांनी तिला ईशान्येकडं, भगवंतांच्या दिशेला, तोंड करून उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले, आणि दोघांनी हात जोडून नेम घेतला की हा शब्द या घराबाहेर जाणार नाही, जीव असेतो. "साहेबानं सगळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "आपण बाईजींना सांगितलं नाही. त्याचा काय दोष? पण त्याला कळलं तर तो हे ओझं घेऊन जगायचा नाही. पोरगा चांगला आहे." साहेब भेटायला आला होता. ओट्यावर बसून रडला होता. जाताना संकोचून त्यानं हळूच विचारलं होतं, की ती तूर कशी निघाली. "स्वच्छ," हे म्हणाले होते. खरंच स्वच्छ निघाली होती. ती डाळ मुंबईला गेली, तिथून पुढं कुठं कुठं गेली, लोकांनी शिजवली, आणि मुंबईचा माल पुन्हा कधी परत आला नाही. दुसरा रोलर आला. मग शेड. हे मात्र बोळीतून जायचं सोडून पुढच्या दारानं वळसा घालून जाऊ लागले, उपवास वाढवत गेले, आणि दोन वर्षांपूर्वी एका साध्या तापात, काही न बोलता गेले. नेमातला अर्धा वाटा तिच्याकडं सोडून. त्या दिवसापासून तो नेम तिला जास्तच जड वाटू लागला होता; बाकीचे सगळे नेम तिनं आपल्या आनंदानं घेतले होते, रोज पहाटे उठून त्यांची एकेक आठवण काढताना तिला न्हाल्यासारखं वाटे, आणि हा एकटाच दगडासारखा मधे बसलेला असे.

"तुझं गोदाम केवढं आहे?" तिनं भिकुबाईला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"गोदाम कसलं हो अक्का. शेड शे. एक आंगे चक्की आन पोतं, दुसऱ्या आंगे आम्ही. मधे भिंत घातेल शे. भिंत काय, अर्धीच शे, आढ्यापावत नई जास."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हंजे मी, पोरं, मनी सासू. मालक बाहेर निजतस, त्यास्ले दमा शे. सासूले आता दिसत नई, ती पोतांनाच जवळ पडी ऱ्हास, ऊब लागस म्हणून." ती सहज सांगत होती, आपल्या घराचं कौतुक सांगावं तसं.

प्रेमकुंवरच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला. "साहेबांना सांगितलंस हे?"

भिकुबाईनं जीभ चावली आणि इकडंतिकडं बघितलं. "कसं सांगू? शेड सरकारनी कारखान्यासाठी दिधेल शे. तठे ऱ्हावानी परवानगी नई. साहेबनी इचारं एकदा, आत कोनी निजस का. मी म्हनलं, नई. ते म्हनले मंग काही भ्याव नई, दार लावी ले म्हंजे झालं. अक्का, तुम्ही सांगू नका हं त्यास्ले. आन काही व्हत नई, ते म्हनतस ना. इतले वरीस व्हयनात, इतल्या मिलीमा गोळ्या टाक्या, कोनले काही व्हयनं नई. जळगावले इचारी ये म्हने, भाभीना घरमा."

कोणाला काही झालं नाही. प्रेमकुंवर त्या वाक्याकडं बघत राहिली. ते वाक्य तिनं आणि यांनी ईशान्येकडं तोंड करून घडवलं होतं. पहिल्या वर्षी तो पोरगा, दोनदा सांगा, झाडूवालीलाही सांगा, म्हणत होता. आता तो म्हणतो, दार लावून घे म्हणजे झालं. मधल्या वर्षांत त्याच्या कानांवर एकही वाईट गोष्ट गेली नव्हती, म्हणून त्याची भीती हळूहळू झिजून गेली होती, आणि ती झिजवली होती या घरच्या चहानं, या घरच्या 'स्वच्छ' या एका शब्दानं. एक आंधळी म्हातारी तिला दिसली, पोत्यांना टेकून, उबेला. तिचा चेहरा तिनं पाहिलेला नव्हता, म्हणून तिथं दुसराच चेहरा येऊन बसला. नेम मोडणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. जैन स्थानकात साध्वी महासतीजी सांगत, की घेतलेला नेम मोडणं हे न घेण्याहून वाईट. आणि हा तर एकटीचाही नव्हता. गेलेल्या माणसाचा अर्धा होता, त्याला विचारायची सोय नव्हती. भिकुबाईला नुसतं 'नको करू' म्हणावं, असं तिच्या मनात आलं. मग चक्की बंद पडेल. आणि या एका भिकुबाईला थांबवलं तरी साहेब उद्या दुसऱ्या गावाला जाईल, तिथं दुसरी अर्धी भिंत असेल, आणि तो सांगेल, जळगावला विचारा. सांगू नये, तर त्या म्हातारीचं काय? सांगावं, तर यांचं काय? ती मनातल्या मनात यांच्याशी बोलू लागली, आणि बाईजी गेल्यापासून तिच्याशी बोलताना मान खाली घालणारा तो माणूस आताही मान खाली घालूनच उभा राहिला, हो की नाही ते न सांगता.

जीप दारात थांबली. साहेब उतरले, हातात केळीची फणी. आता केस पिकले होते, चष्मा आला होता, पोट जरा सुटलं होतं, पण ओट्यावर चढताना चपला ओळीनं काढून ठेवायची सवय तीच होती. "काय भिकुबाई, झाली का परीक्षा?" ते म्हणाले. "भाभी, हिनं मला पास केलं की नापास ते आधी सांगा, मग चहा. सरकारी खात्यात चहा आधी आणि निकाल वर्षानं असतो, इथं तरी उलटं होऊ द्या."

भिकुबाई हसली. प्रेमकुंवर हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, हिच्या शेडमध्ये माणसं झोपतात. म्हातारी, मुलं. भिंत अर्धी आहे."

भिकुबाईचा चेहरा उतरला. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग चष्मा काढून पुसला. "असं आहे होय. मला नाही म्हणाली होती." ते रागावले नाहीत. "घाबरू नकोस, शेडचं मी बघतो, कोणी काढत नाही तुला. मधे ताडपत्री लावून घे वरपर्यंत, आणि तेवढे दिवस ओट्यावर झोपा म्हणजे झालं. भाभी, मी एवढ्या वर्षांत—"

"साहेब," प्रेमकुंवर म्हणाली. "आमच्या बाईजी छातीच्या कळेनं गेल्या नाहीत."

तिनं सगळं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, लांबवायला त्यात काही नव्हतं. बँकेचं खोटं सांगितलं, मागचं दार सांगितलं, सूप सांगितलं. हसलो होतो तेही सांगितलं. केळीची फणी साहेबांच्या मांडीवर होती, ती त्यांनी बाजूला ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली.

मग ते म्हणाले, "मी भेटायला आलो होतो तेव्हा."

"हो."

"मी तुरीचं विचारलं होतं."

तिची नजर ओट्याच्या त्या कोपऱ्याकडं गेली.

"इथं बसून. इथंच बसलो होतो ना मी? मी विचारलं, तूर कशी निघाली." त्यांनी ओट्याच्या कडेवर हात फिरवला. "भाभी, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी नोकरी सोडून केळी लावत बसलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. ते म्हणाले, पोरगा चांगला आहे."

"सोडायला हवी होती का मी?"

मिलमधून रोलरचा एकसारखा आवाज येत होता. वाळवणावर बायका तूर पालथी करत होत्या, त्यांतली एक दुसरीला काहीतरी सांगून हसवत होती. त्यांतल्या कितीजणींची चूल या आवाजावर चालते हे प्रेमकुंवरला माहीत होतं, आणि साहेबांनाही. हो म्हणावं तर त्या बायका समोर होत्या. नाही म्हणावं तर मागं ते गोदाम होतं. शेवटी साहेबच उठले. चपला पायात घालताना एक उलटी गेली, ती त्यांनी तशीच ओढली.

"मी गेल्या महिन्यात दोंडाईचाला सांगून आलो," ते कोणाकडं न बघता म्हणाले. "त्याच्या आधी साक्रीला. दार लावून घ्या म्हणालो. आधी तिकडं जातो." जीपपर्यंत जाऊन ते परत आले. "भिकुबाई, मी येईपर्यंत गोळीला हात लावायचा नाही. ऐकतेस ना? घरी गेलीस की सासूला सांग. पोरांना सांग." मग जुन्या आवाजात म्हणाले, "दोनदा सांग."

जीप गेल्यावर भिकुबाई तशीच बसून होती. आपल्यामुळं काय घडलं हे तिला पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी फार मोठं आपल्यासमोर जमिनीवर ठेवलं गेलं एवढं कळलं होतं. अखेर तिनं भीत भीत विचारलं, "मंग मनी तूर, अक्का?"

"इथं आण," प्रेमकुंवर म्हणाली. "गाडीभाड्याचं मी बघते. मागचं गोदाम रिकामं करून देते. जे काय करायचं ते इथं होईल, माझ्यादेखत, सगळ्यांना सांगून." शब्द बाहेर पडल्यावर तिला समजलं, की या वेळी करण्याचं आणि करवण्याचं दोन्ही तिनं आपल्याकडं घेतलं. तिला वाटलं होतं भीती वाटेल. भीती वाटली नाही. नुसता थकवा आला, खूप दूरवर चालून आल्यासारखा. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली, आणि हातांनी आपोआप पदर कपाळावरून पुढं ओढला.

इतकी वर्षं तिनं ज्या सासूचं दुःख केलं, वर्षश्राद्धाऐवजी दानधर्म केला, स्थानकात जिच्या नावानं आयंबिलाचे उपवास केले, ती छातीच्या कळेनं गेलेली कोणी दुसरीच बाई होती. ही अजून गोदामात होती. तिच्यासाठी अजून कोणी बसलंच नव्हतं.

भिकुबाईच्या गाडीची वेळ होत आली होती. ती उठली, फडक्याची गाठ हातात घेतली, आणि पदर ओढून भिंतीशी बसलेल्या प्रेमकुंवरकडं पाहून थांबली. त्यांच्या गावात घरातलं माणूस गेलं की बायका अशा बसतात, आणि येणाऱ्या बायका काही न बोलता शेजारी येऊन टेकतात. तिनं गाठ खाली ठेवली आणि प्रेमकुंवरच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी, बसली. मग अशा वेळी पहिल्यांदा जे विचारतात ते तिनं विचारलं.

"कसं व्हयनं, अक्का?"

"सकाळी चांगल्या होत्या," प्रेमकुंवर म्हणाली. "सामायिक झालं. दूध घेतलं. मग माझ्याकडं उलथनं मागितलं." हे तिनं यांनाही सांगितलं नव्हतं. "मी पोळ्या करत होते. कशाला हवं, ते मी विचारलं नाही. पुसून हातात दिलं."